सापाचं घर: सुताराकडून बनवायचं की तयार आणायचं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.)



आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. वेगवेगळे लोक विचारतात, पण प्रश्न एकच. "दादा, बॉल पायथन घ्यायचा विचार आहे. त्याची पेटी सुताराकडून बनवून घेऊ, की तयार काचेचं टेरॅरियम आणू? स्वस्त काय पडेल?"

उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचं स्टेशन आलं तरी हरकत नाही. खोका तुम्ही बनवलात तरी चालेल, विकत आणलात तरी चालेल. पण तीन गोष्टींत जुगाड करायचा नाही. एक, उष्णता देणारा हीटर. दोन, त्या हीटरला ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट. आणि तीन, दाराचं कुलूप. साप भाजतो, आजारी पडतो किंवा पळून जातो तो बहुतेक वेळा या तीन गोष्टींमुळे. खोका कुणी बनवला होता हे त्यात फारसं महत्त्वाचं नसतं.

आता सविस्तर बोलू. पण त्याआधी कायद्याचं.

आधी कागद, मग खोका

आपल्याकडचे साप, म्हणजे धामण, नाग, आपला भारतीय अजगर, हे घरात पाळता येत नाहीत. घोरपड नाही, तारा कासवही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. "शेतात सापडला म्हणून ठेवला" हे कारण चालत नाही. आणि पेटी कितीही सुंदर असली तरी त्याने गुन्हा लहान होत नाही.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. तो विदेशी प्राण्यांत मोडतो. पण त्याचं नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या यादीत आहे. आपल्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, आणि सायटीसमधले प्राणी त्यात चौथ्या अनुसूचीत आले. मग २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. असा प्राणी जवळ असेल तर परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तर तेही कळवावं लागतं. विकणारा म्हणाला की "कागदाची काही गरज नाही", तर तिथूनच परत फिरा. सुताराकडे नंतर जाऊ.

आणि तुम्हाला साप फक्त बघायचे असतील, तर पुण्यात कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सर्पोद्यान आहे. एक रविवार तिथे घालवा. अर्ध्या लोकांची हौस तिथेच भागते, आणि त्यात काही वाईट नाही.

या सापाला लागतं काय?

घर बांधायचं तर राहणारा कसा आहे ते माहीत हवं. बॉल पायथन रात्रीचा प्राणी. दिवसा तो उंदरांच्या बिळात, वाळवीच्या वारुळात जाऊन बसतो. म्हणजे त्याला प्रशस्त, मोकळा, सगळीकडून दिसणारा हॉल नको असतो. त्याला अंगाला घासेल अशी अडचणीची जागा आवडते. घाबरला की हा साप स्वतःचा गोळा करतो आणि डोकं आत लपवतो, म्हणून तर नाव "बॉल".

पूर्ण वाढलेली मादी साधारण ४ ते ५ फूट होते, नर त्याहून लहान. मोठ्या सापासाठी ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच एवढी पेटी धरून चला. आत एका बाजूला गरम जागा, ३१ ते ३३ अंशांच्या आसपास. दुसऱ्या बाजूला थंड जागा, २५ ते २७. दोन्हीकडे लपायला एकेक गुहा. ही दुसरी गुहा लोक वाचवतात. मग होतं काय, सापाला लपायचंही असतं आणि गारव्यालाही जायचं असतं, आणि दोन्ही एका ठिकाणी मिळत नाही. तो लपणं निवडतो आणि गरम बाजूला बसून राहतो. दुसरी गुहा म्हणजे अक्षरशः एक पुठ्ठ्याचा खोका आणि त्याला एक भोक. तेवढं करा.

हवेतला ओलावा साधारण ५५ ते ७० टक्के. कात टाकायच्या वेळी थोडा जास्त. ओलावा कमी पडला की कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर आणि शेपटीच्या टोकाला अडकते.

हे आकडे डोक्यात ठेवा. कारण आता खोका बनवायचा की घ्यायचा हे आपण याच आकड्यांवर ठरवणार आहोत.

बनवायचं ठरवलं तर: एका शीटचं गणित

हे गणित मला फार आवडतं. आपल्याकडे प्लायवूडचं शीट येतं ८ बाय ४ फुटांचं. म्हणजे ३२ चौरस फूट. आता आपली पेटी बघा. वरचा तुकडा ४ बाय २, खालचा ४ बाय २, मागचा ४ बाय २. हे झाले तीन. चौथा ४ बाय २ चा तुकडा मधून कापला की दोन चौकोन, २ बाय २ चे. त्या दोन बाजू. संपलं शीट! पुढचा भाग काचेचा. एका शीटमध्ये अख्खी पेटी, तुकडा वाया नाही. करवतीच्या पात्यात दोन-चार मिलिमीटर जातात आणि प्लायची जाडीही मोजावी लागते, म्हणून सुताराला आधी सांगा की माप बाहेरून धरायचं की आतून. तोंडी नको, कागदावर काढून द्या.

प्लाय कुठला? साधा कमर्शियल नको. पाण्याचं भांडं आत असतं, ओलावा असतो, साप भांडं उलटं करतो. मरीन प्लाय मागा, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. १८ मिलिमीटर जाडीचं घेतलं तर रिकामी पेटीच ३५ किलोच्या आसपास जाते. काच वेगळी. म्हणजे एकट्याने उचलायची वस्तू नाही ही. १२ मिलिमीटरमध्येही काम होतं, आतून कोपऱ्यांना पट्ट्या मारून घेतल्या की झालं.

आतून पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या. सांध्यांना सिलिकॉन भरा. सिलिकॉन लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडायचा नाही. पॉलिशचा वास असेल तरीही नाही. चार-पाच दिवसांत वास गेला नाही, तर आणखी आठ दिवस थांबा. पेटी बंद असते आणि साप तीच हवा चोवीस तास घेतो. तुम्ही नव्या रंगवलेल्या खोलीत खिडकी उघडता, त्याला खिडकी उघडता येत नाही.

पुढे काच. दोन सरकत्या काचा, वर-खाली ॲल्युमिनियमचं चॅनल, जसं दुकानातल्या शोकेसला असतं. काचवाल्याला "शोकेसची काच" म्हटलं की लगेच कळतं. कडा घासून घ्या. आणि खाली पाच-सहा इंचांची लाकडी पट्टी ठेवा, म्हणजे आतला भुसा चॅनलमध्ये जाऊन काच अडकणार नाही.

एक गोष्ट मात्र आत कधीही वापरू नका. सेलोटेप. कुठलाही चिकट टेप नको. साप त्याला चिकटला की सुटताना खवले घेऊनच सुटतो.

नागपूरची पेटी आणि मुंबईची पेटी एक नाही

आता खरा मुद्दा. तयार मिळणारी बरीचशी टेरॅरियम युरोप-अमेरिकेतल्या घरांचा विचार करून बनवलेली असतात. तिथला प्रश्न काय? बाहेर थंडी, खोली थंड, आतली उष्णता टिकवायची. आपला प्रश्न दर शहरात वेगळा, आणि दर ऋतूत पुन्हा वेगळा.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा. इथे थंडी नावालाच. हीटरचं काम कमी. पण जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. पेटीत वारा खेळला नाही तर भुशाला बुरशी येते आणि सापाच्या पोटाखालचे खवले खराब होतात. इथे हवेची भोकं जास्त हवीत. एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर. गरम हवा वरून बाहेर जाते, खालून ताजी आत येते. दोन्ही भोकं एकाच उंचीवर ठेवली तर हवा फारशी हलत नाही.

नाशिक, पुणे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो. इथे लाकडाची पेटी जिंकते. काचेतून उष्णता भराभर बाहेर जाते, लाकूड धरून ठेवतं. पूर्ण काचेचं टेरॅरियम असेल, वर जाळीचं झाकण असेल, तर रात्रभर हीटर चालूनही उष्णता आणि ओलावा दोन्ही जाळीतून उडून जातात.

आणि विदर्भ. नागपूर, अकोला, चंद्रपूर. मे महिन्यात बाहेर ४५. इथे साप थंडीने नाही, उष्णतेने मरेल. ३५ च्या वर पेटी गेली की धोका सुरू होतो. आणि मंडळी, हे नीट ऐका: कुठलीही पेटी, दोन हजारांची असो की चाळीस हजारांची, स्वतःला थंड करू शकत नाही. पेटी उष्णता धरू शकते, तयार केलेली उष्णता वाटू शकते, पण खोली ४० ला असेल तर पेटीही ४० लाच जाणार. थंड करायची ती खोली. त्या बाबतीत विदर्भातला आपला डेझर्ट कूलर उपयोगी आहे, कारण तो तापमान उतरवतो आणि कोरड्या हवेत ओलावाही घालतो. फक्त वारा थेट पेटीवर सोडू नका. एसी लावलात तर हवा कोरडी होते, मग पाण्याचं भांडं मोठं ठेवा.

तर इथे स्वतः बनवण्याचा फायदा दिसतो. पैशापेक्षा हा फायदा मोठा आहे. भोकं किती, कुठे, किती मोठी, हे तुम्ही तुमच्या गावाच्या हवेप्रमाणे ठरवू शकता. ऋतूप्रमाणे अर्धी भोकं झाकायला सरकती पट्टी लावू शकता.

मग तयार घ्यायचं कुणी?

तुम्ही म्हणाल, हा तर बनवायच्याच बाजूने बोलतोय. तसं नाही.

भाड्याने राहता? अकरा महिन्यांचा करार, मग दुसरा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट छोटी? मग ३५ किलोची जोडून पक्की केलेली पेटी ही डोकेदुखी आहे. सुटी होणारी तयार पेटी हलवायला सोपी. बनवायचीच असेल तर खिळे-फेविकॉल न लावता नट-बोल्टवर जोडून घ्या. आणि बाहेरची खोली दोन फूट ठेवा, कारण अडीच फुटांच्या दारातून ती आडवी करून निघते. अडीच फुटांची पेटी केलीत तर खोलीत आली कशी आणि जाणार कशी, हा प्रश्न मालकाला पडेल.

हातात कौशल्य नाही, ओळखीचा सुतार नाही, सुतार "उद्या येतो" म्हणून दीड महिना गेलाय आणि साप तोपर्यंत प्लास्टिकच्या डब्यात? तयार घ्या. साप वाट बघत बसण्यापेक्षा थोडे पैसे गेलेले परवडले.

आणि तयार घेताना एक सापळा टाळा: माशांची जुनी काचपेटी आणि वर झाकण. स्वस्तात मिळते, खरं आहे. पण ती वरून उघडते. निसर्गात सापाला वरून येतो तो शिकारी पक्षी. तुम्ही रोज वरून हात घातलात की तो रोज घाबरतो. पुढून उघडणारंच दार घ्या.

पूर्ण काचेचं घेतलंत तर तीन बाजूंना बाहेरून काळा कागद किंवा थर्माकोल लावा. सापाला लपल्यासारखं वाटतं आणि उष्णताही टिकते. जाळीचं झाकण असेल तर अर्ध्याहून जास्त झाकून टाका, पण हीटरच्या आसपास मोकळं ठेवा.

वीज: इथे हात आखडायचा नाही

आता त्या तीन गोष्टी.

सापाला भाजल्याचं लगेच कळतं आणि तो बाजूला होतो, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. सापाला ऊब हवी असते, म्हणून तो गरम वस्तूवर बसतो, आणि ती वस्तू हळूहळू जास्त तापली तरी बसूनच राहतो. पाळलेल्या सापांच्या पोटावर भाजल्याच्या जखमा या अशा होतात. म्हणून थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावायचाच नाही. हीट मॅट असो, सिरॅमिक हीटर असो, साधा बल्ब असो. एक तासही नाही.

लाकडी पेटीत वरून लावलेला सिरॅमिक हीटर चांगला. पण तो पोर्सिलेनच्या होल्डरमध्येच लावा, प्लास्टिकचा होल्डर त्या उष्णतेने वितळतो. आणि हीटरभोवती जाळीचा पिंजरा हवा. साप वर चढतो, आणि बल्बला वेटोळं घालणारा साप ही कल्पनेतली गोष्ट नाही.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे ती तापमान मोजणारी वायर, घट्ट बसवा. क्लिपने, टेपने नाही. प्रोब निसटून थंड कोपऱ्यात पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून गार आहे, आणि तो हीटर चालूच ठेवतो. म्हणून एक वेगळा थर्मामीटर पेटीत हवाच. थर्मोस्टॅटवरचा आकडा म्हणजे त्याचं मत झालं, दुसऱ्या थर्मामीटरचा आकडा म्हणजे साक्षीदार.

अंडी उबवायच्या मशीनचे स्वस्त कंट्रोलर ऑनलाइन मिळतात. त्यातले काही म्हणजे नुसता उघडा बोर्ड, त्यावर २३० व्होल्ट. घरात लहान मुलं, पेटीत पाण्याचं भांडं, खाली लाकडी भुसा. विचार तुम्हीच करा. डब्यात बंद असलेला, प्लग आणि सॉकेट असलेला घ्या. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, अर्थिंग तपासा.

बिलाची भीती असेल तर हिशेब सोपा आहे. १०० वॅटचा हीटर दिवसात एकूण १२ तास चालला तर १.२ युनिट. महिन्याला ३६ युनिट. मुंबईत याहून बराच कमी, नाशिकच्या थंडीत जास्त. लाइट गेली तर? निरोगी मोठा साप काही तास गारवा सहन करतो. पेटी उघडू नका, वरून गोधडी टाका, भोकं मात्र मोकळी ठेवा. लाइट परत यायच्या आधी गोधडी काढायची हे विसरू नका.

कुलूप

साप म्हणजे एक लांब स्नायू. काच एका कडेने सरकतेय का, हे तो रात्रभर ढकलून बघतो. शोकेसच्या सरकत्या काचेला जे छोटं दातेरी कुलूप मिळतं ते लावा. वायर आत येते त्या भोकाचं माप बघा: डोकं गेलं की अंगही जातं.

हे नुसतं तुमच्या सापासाठी नाही. सोसायटीत साप सुटला की पुढे काय होतं ते आपल्याला माहितेय. कुणाला तो बिनविषारी आहे हे सांगेपर्यंत काठी आलेली असते. आणि तो वाचून बाहेर झाडीत गेला, तर तेही बरं नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले बर्मी अजगर पसरले आणि तिथले स्थानिक सस्तन प्राणी कमालीचे घटले. कुलूप स्वस्त आहे.

ठरवायचं कसं?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. पुढची दोन वर्षं मी याच घरात आहे का? माझ्याकडे हाताला सवय असलेला माणूस आहे का, मी स्वतः किंवा सुतार? आणि माझ्या गावाची हवा तयार पेटीला मानवणारी आहे का? तिन्हीला उत्तर "हो, हो, नाही" असेल तर बनवा. उलट असेल तर विकत घ्या. मधलं काही असेल तर तयार पेटी घेऊन तिची भोकं, झाकण आणि दार तुमच्या सोयीने बदला. बरेच जुने पाळणारे हेच करतात.

आणि बजेट करताना उलटीकडून सुरुवात करा. आधी थर्मोस्टॅट, हीटर, दोन थर्मामीटर, ओलावा मोजायचा मीटर, कुलूप यांचे पैसे बाजूला काढा. उरलेल्यात खोका. उरलेल्यात प्लाय बसतो तर प्लाय, काच बसते तर काच. काहीच बसत नसेल, तर अजून सापाची वेळ आलेली नाही. तीन महिने थांबा, पैसे जमवा.

पेटी तयार झाली की साप आणू नका! रिकामी पेटी पूर्ण आठवडा चालवा. सकाळी, दुपारी, रात्री आकडे वहीत लिहा, किंवा फोनमध्ये. एक दिवस मुद्दाम एक तास मेन स्विच बंद करून बघा. दोन्ही बाजूंचे आकडे सात दिवस जागेवर राहिले तर मग साप घरी आणा.

जाता जाता एकच. बॉल पायथन सहज २०-३० वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये दिलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय ६२ तरी होतं असं सांगितलं गेलं. म्हणजे आज तुम्ही वीस वर्षांचे असाल, तर हा साप तुमची नोकरी बघेल, लग्न बघेल, दोन-तीन घरं बदललेली बघेल. तेवढ्यात पेटीही दोन-तीनदा बदलेल. पहिली पेटी देखणी नसली तरी चालेल. ती सुरक्षित असली म्हणजे पुरे.

तुमच्या गावात उन्हाळ्यात पेटीचं तापमान किती जातं, ते मोजून मला नक्की पाठवा. गावाचं नाव लिहा, सापाचं नाही लिहिलं तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि काच नीट बंद केली का ते एकदा बघून या!